पंधरा मिनिटांत 26 प्रश्न

गोष्टीचा तास संपला, मुलं डब्याला गेली आणि ताई मटकन खाली बसल्या. "माझी प्रार्थनाच कमी पडतेय. हे काम प्रभूनं माझ्यासाठी नेमलेलंच नसावं," त्या म्हणाल्या. ख्रिस्ती बालवाडीत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. तास फसला की इथल्या शिक्षिका स्वतःच्या विश्वासालाच दोष देतात. म्हणून मी आधी त्यांच्या तासाच्या निरीक्षणाची वही उघडली.

निरीक्षणाला बसताना मी पानाचे दोन भाग करते. डावीकडे शिक्षिका काय बोलली, काय केलं. उजवीकडे त्याच मिनिटाला मुलं काय करत होती. 'छान', 'गोंधळ' असले शब्द लिहायचे नाहीत, जे दिसलं तेवढंच. आणि बोलणं त्याच दिवशी करायचं. दोन दिवस गेले की नोंदीतला जिवंतपणा जातो, शिक्षिकेच्या मनात फक्त अपयश उरतं.

सुरुवात चौथ्या मिनिटापासून केली. रडणाऱ्या मुलासमोर ताई उकिडव्या बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या आणि म्हणाल्या, "आईची आठवण येतेय ना? डबा खाल्ल्यावर, गाणं झाल्यावर आई येते." मूल मिनिटाभरात शांत झालं. हे मी त्यांना शब्दशः वाचून दाखवलं. नुसतं "छान शिकवता" म्हणून काही उपयोग नसतो. उद्या पुन्हा नेमकं काय करायचं, ते त्यातून कळत नाही.

मग उजवी बाजू. नवव्या मिनिटाला दोन मुलं आडवी झाली, बाराव्याला अर्धा गोल फुटला. गोष्ट हरवलेल्या मेंढराची, बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातली: शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्याला शोधायला जातो. तीन-चार वर्षांच्या मुलाला 'नव्याण्णव' हा नुसता आवाज असतो. पंधरा मिनिटांत 26 प्रश्न झाले होते, बहुतेकांचं उत्तर 'हो' किंवा 'येशू', आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न. 1970च्या दशकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात, ते वर्गांत मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागत.

एका वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले: "ऐकलं नाहीत तर येशूला तुम्ही आवडणार नाही." हे थकव्यातून आलं होतं, मला ठाऊक आहे. पण शिस्तीसाठी येशूचं प्रेम पणाला लावलं की मूल भीतीच शिकतं. त्यातही गोष्ट अशी, की चुकलेल्या मेंढराला मेंढपाळ खांद्यावर घेऊन येतो! ताईंनी ते वाक्य स्वतःच खोडलं. त्याऐवजी "पाय दुखले असतील, चला, मेंढरांसारखं चालून येऊ" असं म्हणायचं ठरलं.

दुसऱ्या दिवसासाठी बदल मोजकेच ठरवले. वेळ आठ मिनिटं. नव्याण्णव सोडून पुठ्ठ्यावर कापूस चिकटवलेली दहा मेंढरं, प्रत्येक तळहाताएवढं (लहान तुकडे थेट तोंडात जातात) आणि कापूस पक्का चिकटलेला. दहावं आधीच कपाटाखाली. प्रश्न पाच, आणि प्रत्येकानंतर पाठीमागे हात नेऊन तीन बोटं मोजायची.

मेंढरं मोजताना मुलं नऊवर अडली, पुन्हा मोजू लागली. "त्या मेंढराला आता कसं वाटत असेल?" ताईंनी विचारलं. एक बोट. दोन. दुसऱ्या बोटालाच त्यांचे ओठ हलले, पण त्या थांबल्या. तिसऱ्यावर, गोलात कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "तिथे अंधार आहे." आणि सगळी मुलं कपाटाकडे धावली.

तास आठऐवजी अकरा मिनिटं चालला, तेवढं चालतं. दुपारी ताईंनी माझ्याकडे कोरी वही मागितली. शेजारच्या वर्गात नवीन शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या तासाला जाऊन बसायचं होतं ताईंना. पानाचे दोन भाग त्यांनी तिथेच आखले.