स्लीव्हनंतरचं जेवण आणि आपल्याकडचा आग्रह

वजनाचं ऑपरेशन झालं म्हटलं की लोक पहिलं विचारतात, किती किलो उतरलं? मला मात्र कुणी जेवणाबद्दल विचारलं तर जास्त बरं वाटेल, कारण रोजचं जगणं बदललंय ते तिथे.

माझी स्लीव्ह झाली, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन. यात जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, उरते ती अरुंद नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच बनतं, त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी महिने मला भूक अशी लागायचीच नाही, घड्याळ बघून खायचं. आधी नुसतं पातळ, म्हणजे वरणाचं पाणी, ताक, मुगाचं कढण, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी, असं करत नेहमीच्या जेवणावर यायला दीड-दोन महिने जातात. ते सगळं डाएटिशियन लिहून देतात, तेवढं पाळलं की झालं.

खरी कसरत घरच्या पंगतीत. माझ्या सासूबाई वाढताना म्हणायच्या, "अगं चिमणीसारखं खातेस, अंगात ताकद कशी राहायची?" आणि हे बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांच्यावर चिडणार कसं, त्यांनी जन्मभर माया केली ती वाढूनच केली. शेवटी चार्ट घेऊन त्यांच्याजवळ बसले, सांगितलं की आई, मला दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि पोटात जागा आहे वाटीभर, मग ती जागा भाताने भरली तर बाकीचं जाणार कुठे? तेव्हापासून त्या माझ्या ताटात आधी अंडं नाहीतर पनीर, मग घट्ट वरण, मग भाजी आणि भात उरलाच तर शेवटी दोन चमचे असं वाढतात, आणि पाहुण्यांनी आग्रह केला तर माझ्याआधी त्याच बोलतात.

पोट भरलं हे कळायची खूणही वेगळी आहे, माझं नाक वाहायला लागतं. हो खरंच, हे बऱ्याच जणांना होतं, कुणाला उचकी लागते. तिथे हात थांबवायचा. त्यानंतर एक घास जरी घेतला तरी छातीत अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि मग उठून येरझाऱ्या घालत बसायचं. म्हणून घास बारीक, अगदी पीठ होईपर्यंत चावायचा, एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि दिवसभरात दीड-दोन लिटर तर गेलंच पाहिजे, मग बाटली सतत जवळ आणि घोट घोट. ताटाआधी तांब्या-भांडं मांडणाऱ्या घरात या गोष्टीची सवय लागायला वेळ गेला.

तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले, कंगव्यात पुंजकेच्या पुंजके, तेव्हा फार रडले. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, प्रोटीन सोडू नका, परत येतील असं डॉक्टर म्हणाले, आणि आले, आता कपाळावर बारीक केस उभे राहतात ते बघून बरं वाटतं. गोळ्या मात्र कायमच्या, बी१२, डी, कॅल्शियम, लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी हवेत, त्यासाठी मोबाईलवर अलार्म आहेत. ब्लड टेस्टही ठरलेल्या वेळी करायच्याच, बरं वाटतंय म्हणून टाळायच्या नाहीत.

एका गोष्टीचा अजून संताप येतो, "शॉर्टकट मारलास" म्हणणाऱ्यांचा. बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं हे सगळं सोसून, डॉक्टरांशी बोलून घेतलेला निर्णय आहे हा आणि रोज प्रत्येक घासाला तो पाळावा लागतो.

स्लीव्ह झालेल्या बाकीच्यांना एक विचारायचंय, ज्वारीची भाकरी तुम्हाला कधीपासून सोसायला लागली? मला चपातीचा गोळा होऊन अडकतो, भाकरी दुधात कुस्करली तर जाते, पण पिठल्याबरोबर खायची फार इच्छा आहे.