नारिंगी चेंडू

आज सकाळी साडेसहा वाजता, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा रॅकेट घेऊन टेनिसच्या कोर्टावर उभी राहिले. बालेवाडीला महाराष्ट्र ओपनचे सामने प्रेक्षकांत बसून पाहिले होते, तेव्हा कोर्ट लहान वाटले होते. आज मात्र २३.७७ मीटर लांबीच्या त्या कोर्टाच्या एका टोकावरून समोरची बेसलाइन, म्हणजे कोर्टाची शेवटची रेषा, फार दूर भासली.

प्रशिक्षकांनी मला आधी सर्व्हिस लाइनपर्यंत, म्हणजे बेसलाइन आणि जाळी यांच्यामधल्या रेषेपर्यंत, पुढे आणले आणि नारिंगी चेंडू दिला. तो नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ५० टक्के संथ असतो आणि कमी उसळतो, त्यामुळे चेंडू येताना पाहून पावले जुळवायला आणि शरीराच्या पुढेच त्याला गाठायला नवशिक्याला वेळ मिळतो. (हा चेंडू फक्त मुलांसाठी असतो, असा माझा समज होता.) रॅकेट हस्तांदोलन केल्यासारखी धरायची, हे लगेच जमले, पाय हलते ठेवणे मात्र जमता जमत नव्हते.

सर्वांत आवडली ती तिरक्या फटक्यामागची कारणमीमांसा. जाळी खांबांपाशी १०७ सेंटिमीटर उंच असते, पण मध्यभागी जेमतेम ९१ सेंटिमीटर, आणि कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे मारलेला चेंडू याच सखल भागावरून जातो. शिवाय तिरकी रेषा सरळ रेषेपेक्षा लांब असल्याने चेंडू कोर्टाबाहेर जाण्याची शक्यताही कमी होते. हे समजल्यावर मी सलग सात चेंडू परतवले, आणि सातव्या वेळी तारांच्या बरोबर मधोमध लागलेल्या चेंडूचा तो भरीव आवाज अजून माझ्या कानांत आहे. गुरुवारी पुन्हा जाणार आहे.