रुमालात आलेला तुकडा

मे महिन्याची सुट्टी लागली की सहकारनगरातल्या माझ्या दवाखान्यात पुढचे दात मोडलेली मुलं यायला लागतात. सायकल, पोहण्याच्या तलावाचा काठ, सोसायटीतलं क्रिकेट आणि पर्वतीच्या पायऱ्या. हा मुलगा पायऱ्यांवरून आला होता. सकाळी आजोबांबरोबर पर्वती चढला, उतरताना पळाला आणि तोंडावर आपटला. वरचा मधला दात तिरका तुटून जवळजवळ अर्धा गेला होता.

नातू रडतोय, ओठातून रक्त येतंय, अशा वेळी कुणाला तुकडा शोधायचं सुचत नाही. आजोबांना सुचलं. पायऱ्यांवर वाकून त्यांनी तो शोधला, फुंकर मारून स्वच्छ केला आणि रुमालात बांधला. मग घर, मुलाच्या आईची ऑफिसमधून यायची वाट, आणि माझ्याकडे पोचेपर्यंत दुपार.

"अजिबात ओला होऊ दिला नाही, मॅडम," रुमाल सोडत आजोबा म्हणाले. आवाजात अभिमान होता, आणि तो साहजिकच होता. पिंपरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून घडवतात ते नमुने, बनवले होते. "गोंद कुठलाही घ्या, पृष्ठभाग कोरडा पाहिजे."

तुकडा खडूसारखा पांढरा पडला होता. मी तो उचलून सलाइनच्या वाटीत टाकला. आजोबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांचा तयार पॅटर्न पाण्यात बुडवलाय.

आधी मुलाकडे वळले. ओठात काही रुतलेलं नाही, मूळ मोडलेलं नाही, हे एक्स-रेवर पाहून घेतलं. दात हलत नव्हता. नस उघडी पडली नव्हती, पण डेंटिनचा, म्हणजे बाहेरच्या टणक एनॅमलखालचा, थर इतका पातळ उरला होता की मधोमध गुलाबी छटा दिसत होती. पोरगं ओठ घट्ट मिटून बसलं होतं. तोंडाने श्वास घेतला की कळ जाते, म्हणाला.

ती कळ पाण्याचीच. डेंटिन वरून घट्ट दिसतं, पण ते सूक्ष्म नलिकांनी भरलेलं असतं. एनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये वीसेक हजार, नसेजवळ चाळीस हजारांच्या वर. नलिकांत द्रव असतो आणि आतल्या दाबामुळे तो सतत बाहेर झिरपत राहतो. उघड्या डेंटिनवर हवेचा झोत आला की हा द्रव झटकन सरकतो आणि आतल्या चेतातंतूंना ओढ बसते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉमने 1960च्या दशकात हे दाखवून दिलं. लहान वयात नलिका रुंद असतात, म्हणून मुलांचे दात जास्त ओले आणि जास्त हळवे.

म्हणजे माझ्यापुढे एकाच दाताचे दोन भाग होते. एक तोंडात, आतून पाणी ढकलणारा. दुसरा वाटीत, मेच्या कोरड्या हवेत सकाळपासून वाळलेला. दोन्ही एकमेकांना चिकटवायचे होते.

तुकडा भिजायला अर्धा तास तरी देणार होते. आजोबांना तेवढा वेळ गप्प बसणं शक्य नव्हतं आणि मलाही त्यांच्याशी बोलायचं होतं. पॅटर्नमेकरला लाकडातला ओलावा समजतो, त्याला दातातला समजावणं सोपं. डेंटिनमध्ये वजनाने साधारण दहा टक्के पाणी असतं, आकारमानाने वीस टक्क्यांच्या आसपास. ते उडालं की डेंटिन किंचित आकसतं, जास्त ताठ होतं आणि ठिसूळही. एनॅमलच्या बारीक छिद्रांतलं पाणी जाऊन तिथे हवा शिरते, प्रकाश विखुरतो आणि दात पांढराफटक दिसतो.

"मग पुसून कोरडा करणार ना शेवटी?" आजोबा.

इथेच गंमत आहे. 1955 साली अमेरिकेत बुओनोकोरेने एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ, चिकटवून दाखवलं. एनॅमल जवळजवळ पूर्ण खनिज. आम्ल धुऊन खडखडीत वाळवा, पृष्ठभाग धुक्यासारखा पांढरा झाला की समजायचं, तयार. डेंटिनला हा नियम लावला की जोड फसतो. आम्ल तिथलं खनिज विरघळवतं आणि वरच्या काही मायक्रॉनमध्ये कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं उघडं जाळं उरतं. खनिजाची जागा पाण्याने घेतलेली असते, त्या पाण्याच्या आधारावरच जाळं उभं असतं. ओढ्यातलं शेवाळ पाण्यात कसं मोकळं डोलतं आणि बाहेर काढलं की चपटं होऊन दगडाला चिकटतं, तसंच. हवा मारली की तंतू एकमेकांना बिलगतात, रेझिनला आत शिरायला वाट राहत नाही. जपानच्या नाकाबायाशींनी 1982 साली रेझिन आणि कोलॅजेनचा जो मिश्र थर दाखवला, तोच मग तयार होत नाही. डेंटिन ओलं ठेवूनच बाँड, म्हणजे चिकटवायचं द्रव रेझिन, लावायची पद्धत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली.

बरं, पाणी जास्त राहिलं तरी पंचाईत. रेझिन पातळ होतं, त्यात बुडबुडे अडकतात, नीट घट्ट होत नाही. कॉलेजात आम्हाला 'ओलसर, पण ओलं नाही' असं शिकवलं होतं. परीक्षेत लिहायला उत्तम. खुर्चीजवळ उभं राहिल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

वाटीतला तुकडा एव्हाना पिवळसर झाला होता. कड दाताशी लावून पाहिली, बिनचूक बसली. इंजेक्शन दिलं, त्यातल्या अॅड्रिनलिनमुळे नसेतला रक्तप्रवाह थोडा वेळ मंदावतो आणि झिरपणंही कमी होतं. रबर डॅम, म्हणजे दात तेवढा बाहेर ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावला. श्वासाची वाफ, लाळ, ओठाचं रक्त, सगळं बाहेर. (पावसाळ्यात दवाखान्याची हवाच इतकी दमट असते की रबर डॅम नको म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.)

तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून धरला. दोन्ही भागांवर आम्ल आधी एनॅमलला, मग डेंटिनला. डेंटिनला पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. धुतलं. असिस्टंटचा हात सवयीने हवेच्या सिरिंजकडे गेला, तो मी थांबवला. एनॅमलची कड तेवढी हलकेच वाळवली, डेंटिनवरचं पाणी ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपून घेतलं. फिकट चमक राहिली, डबकं नाही. मी अशा वेळी पाणी आणि अल्कोहोल दोन्ही असलेला बाँड घेते. तंतू थोडे दबले असले तरी त्यातलं पाणी त्यांना पुन्हा उठवतं. अॅसिटोनवाला बाँड एवढी चूक पोटात घालत नाही. ब्रशने बाँड चोळला आणि मग मात्र हवा मारली, थर हलायचा थांबेपर्यंत. जाळं उभं ठेवायचं काम झाल्यावर पाणी जायलाच हवं. पातळ काँपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) लावून तुकडा बसवला, ते घट्ट व्हायला पुढून-मागून लाइट दिला.

डॅम काढल्यावर आई म्हणाली, "पांढरा दिसतोय." डॅमखाली अख्खा दातच वाळला होता. उद्या सकाळी बघा, म्हटलं.

आजोबा आरशात नातवाच्या दातावरची बारीक रेघ शोधत होते. मग सुताराला पडावा तसाच प्रश्न विचारला. "पाणी एवढं आत असतं, तर उद्या तेच हा जोड सोडवणार नाही का?"

सोडवू शकतं. रेझिन पाणी शोषतं आणि वर्षानुवर्षांत त्याचे बंध तुटत जातात. जिथे रेझिन पोचलं नाही तिथले उघडे तंतू डेंटिनमधलीच विकरं (एन्झाइम) कुरतडतात, आणि त्यांनाही काम करायला पाणीच लागतं. म्हणून मी त्यांना वर्षांचा आकडा दिला नाही. "सुटला तर पुन्हा चिकटवू. तुकडा तेवढा घेऊन या, पाण्यात किंवा दुधात घालून."

"रुमालात नाही," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोटो पाठवला, रंग जुळला होता. गार लावल्यावर दात व्यवस्थित जाणवतोय का आणि मूळ पूर्ण बंद होतंय का, हे पाहायला त्याला अधूनमधून बोलावते. आजोबा बरोबर येतात आणि प्रत्येक वेळी रेघ स्वतः तपासतात. गेल्या खेपेला म्हणाले, कडेला किंचित डाग धरलाय. खरंच धरला होता. पॉलिश करून दिला.