आढ्याला काय चिकटलंय?

लेकीला सतराचा पाढा विचारत होतो. 'सतरा सत्ते' म्हटल्याबरोबर तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून उठली आणि पंख्यापाशी जाऊन थांबली. "इकडे बघ," मी दरडावलं आणि मीच दचकलो. हा आवाज चौथीतल्या आमच्या बाईंचा होता! "आढ्याला उत्तर चिकटवलंय का रे?" असं त्या विचारायच्या. आमची शाळा कौलारू, म्हणून आढं तरी होतं. लेकीला स्लॅबवर भागवावं लागतं.

"एकशे एकोणीस," ती पंख्याला म्हणाली.

डोळा मुळातच चंचल. सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि लख्ख दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच. उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, बुबुळ हललेलं काही दिसणार नाही. (मी तीनदा करून पाहिलं. घरच्यांनीही मला पाहिलं.) उडी संपली की नवं काहीतरी पुढ्यात येतं, ते निस्तरायचं. त्यात समोर बापाचा चेहरा असेल, तर त्यावरची आठी वाचण्यातच निम्मं डोकं खर्ची पडतं. मग सतरा सत्ते कुठून सुचणार? स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर वळवायला शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. बाईंना हे कळायला हवं होतं.

अमेरिकेतल्या 2015 च्या एका अभ्यासात लोकांना शब्दकोडी घातली होती. ज्यांना उत्तर एकदम सुचलं, ते त्याआधी जास्त वेळा पापण्या मिटत होते, कोड्यावरून नजर काढत होते. मोबाइलकडे नजर वळवली तर मात्र हे साधत नसावं. तिथे वाचण्यासारखं फार असतं. आढ्यावर काहीच नसतं, हाच त्याचा गुण.

रविवारी कोड्यात अडकलो होतो. 'निरुपयोगी वस्तूंचा ढीग', चार अक्षरी. अर्धा तास चौकटींकडे टक लावून बसलो. शेवटी बायकोनं दुधाकडे लक्ष ठेवायला उभं केलं. पातेल्यावर साय सुरकुतत होती, मी तिच्याकडेच बघत होतो, आणि सुचलं: अडगळ!

दूध उतू गेलं ते मला दिसलंच नाही.