झोपाळ्याची फळी आणि 16 इंचांचं टेबल

घरच्या झोपाळ्यासाठी फणसाची फळी मिळाली. 6 फूट लांब, 20 इंच रुंद, 2 इंच जाड. वजन 28 किलोच्या आसपास. चारही कोपरे 6 इंच त्रिज्येत गोल करायचे होते. जिगसॉने, म्हणजे हातात धरायच्या विजेच्या करवतीने, झालं असतं, पण एवढ्या जाडीत त्याचं पातं वाकतं. वरून काप रेघेवर, खालून तिरका. म्हणून बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत. आणि आमच्या बँडसॉचं टेबल जेमतेम 16 इंचांचं.

पहिल्या कोपऱ्याला दुसरं टोक धरायला पुतण्याला उभं केलं. पोरगा मनापासून धरत होता, म्हणजे मधेच उचलत होता, मधेच ढकलत होता. अर्ध्या वळणावर त्याचा हात खाली गेला. माझ्याकडची बाजू टेबलावरून उचलली गेली आणि पात्याने ती धाडकन खाली आपटली. पातं चिरेत अडकलं, मोटर कण्हायला लागली. अशा वेळी फळी मागे ओढावीशी वाटते. चालू मशीनवर ओढली की पातं चाकांवरून उतरतं. बटण बंद केलं, चिरेत पाचर ठोकली, मगच फळी सोडवली.

मग रोलर स्टँड आणला, म्हणजे वर फिरता दांडा असलेला आधार. सरळ कापाला तो झकास. पण गोल कापताना फळीचं लांबचं टोक पाव वर्तुळ फिरतं, आणि रोलर फिरतो एकाच दिशेने. आडवी सरकवताना फळी त्याच्यावर नुसती घासत राहिली.

शेजारचे मिस्त्रीकाका बघत होते. म्हणाले, "अरे, पकडतोस कशाला तिला? ओटा बांधून दे."

दोन घोड्या, म्हणजे सुतारकामाचे लाकडी तिवे, त्यावर सनमायका लावलेला 8 बाय 4 चा प्लाय. प्लाय मधे झोळ खात होता, खालून दोन रिपा मारल्या. खरा वेळ गेला तो उंची जुळवण्यात. जमीन कुठेच सपाट नाही, त्यामुळे घोड्यांच्या पायांखाली पाचरी सारत बसलो. टेबलावर अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी टाकून ओटा मिलिमीटरभर खालीच ठेवला; वर राहिला असता तर फळी त्याच्या कडेला अडली असती. सनमायक्यावर मेणबत्ती घासली. पात्याला आधार देणारा वरचा गाइड लाकडापासून दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर, आणला.

आता फळी एका हाताने वळत होती. पुतण्याकडे फक्त बटण. उरलेले तीन कोपरे अर्ध्या तासात झाले.

पहिल्या कोपऱ्यावरचा खड्डा कानशीने काढता काढता त्याची त्रिज्या 7 इंच झाली. तो कोपरा भिंतीकडे ठेवलाय.