टीव्हीच्या रिमोटने ‘म्हापसा’ लिहायचं तर

टीव्हीवर रिमोटने काही शोधायचं तर पडद्यावरच्या कीबोर्डवर वेळ खातात ते बाण. रोमन लिपीत ‘तियात्र’ (गोव्यातलं कोंकणी नाटक) लिहून बघा: टी, आय, ए, टी, आर. सव्वीस अक्षरं एकाच ओळीत असली आणि सुरुवात ‘ए’वर असली, तर बाण ५९ वेळा आणि ओके ५ वेळा. तीच अक्षरं सहा-सहाच्या ओळींत मांडली की बाण १९वर येतात. पुढचं अक्षर सुचवणारा कोड लिहायच्या आधी एवढं तरी करून घ्यावं.

देवनागरीचं दुखणं निराळं. ‘म्हापसा’ या गोव्यातल्या गावाच्या नावात युनिकोडची (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीची) सात चिन्हं आहेत: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. ती एकेक करून टिपायला लावणं हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे. म्हणून सुचवायचं ते अख्खं अक्षर. ‘म’ दाबला की मा, म्हा, मो, मं, ‘म्हा’ घेतला की प, द, ळ, मग ‘सा’. चार ओकेंत काम होतं. ही अक्षरं शब्दकोशातून घेऊ नयेत, आपल्याकडे असलेल्या कार्यक्रमांच्या नावांतून घ्यावीत. जे दाखवायला नाहीच, ते सुचवून काय उपयोग?

स्वर आणि मात्रा एकाच कळीवर बसतात: व्यंजनानंतर मात्रा, एरवी स्वर. फक्त ‘मऊ’, ‘सई’ अशा शब्दांत ही युक्ती फसते, ‘मू’ आणि ‘सी’ उमटतात. त्यासाठी ओके दाबून धरल्यावर सुटा स्वर यावा.

मूळ कळा जागच्या हलवू नयेत, हे माझं ठाम मत. बोटांना वाट पाठ झालेली असते. सूचना वरच्या वेगळ्या पट्टीत, चारच. पट्टीतलं अक्षर घेतलं की फोकस, म्हणजे निवड दाखवणारी चौकट, तिथेच पहिल्या जागी राहावा आणि खालचा बाण दाबल्यावर शेवटी दाबलेल्या कळीवर परतावा. सगळ्यांत त्रासदायक चूक इथेच होते: सर्व्हरचं उत्तर उशिरा येतं, पट्टी बदलते आणि त्याच क्षणी दाबलेला ओके भलत्याच अक्षरावर पडतो. अक्षरांचा अंदाज टीव्हीतच साठवलेल्या यादीवरून काढावा, सर्व्हरकडून फक्त कार्यक्रमांची नावं मागवावीत. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा आणि जुन्या क्रमांकाचं उत्तर टाकून द्यावं.

गोव्यात आणखी एक काम उरतं. फोंडा रोमनमध्ये ‘पी’ने सुरू होतो, मडगावातल्या ‘ड’च्या जागी ‘आर’ येतो, कोंकणीत ‘मडगांव’वर अनुस्वार असतो. अनुस्वार काढून तुलना करणं नियमाने जमतं, पण पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं लिप्यंतराच्या नियमांत बसत नाहीत. गावांच्या नावांचा तक्ता हातानेच करावा आणि सगळी रूपं एकाच नोंदीला जोडावीत. एकाच घरात कुणी मराठी नाटक देवनागरीत शोधतं, कुणी तियात्र रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. तेव्हा लिपी बदलायची कळ कीबोर्डवरच हवी, सेटिंग्जमध्ये लपवलेली नको.