घोस्ट ऑफ त्सुशिमा : साईड मिशन कोणती आधी, कोणती नंतर

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम मुख्य कथेच्या रेषेवरूनच खेळत गेलं की दुसऱ्या भागात, म्हणजे तोयोतामात, गाडी अडते. शत्रू जाड होतात, ढाली आणि भाले वाढतात आणि जिनकडे, म्हणजे आपण खेळतो त्या सामुराईकडे, मात्र तेवढीच तलवार आणि तेवढीच तब्येत असते. पुष्कळजण इथे डिफिकल्टी कमी करतात. त्याची गरज नसते. इझुहारात, म्हणजे पहिल्या भागात, जी साईड मिशन सोडून पुढे आलात, त्यांतली निवडक आधी उरकली असती तर ही वेळच आली नसती. मी हा गेम प्लेस्टेशनवर खेळतो, त्यामुळे खाली जी बटणं येतील ती त्याच्या कंट्रोलरची.

आधी वर्गवारी नीट कळली पाहिजे. नकाशावरच्या बाजूच्या कथा दोन प्रकारच्या आहेत. एक, गावकऱ्यांच्या आणि साथीदारांच्या कथा: मासाको, इशिकावा, नोरिओ, युना यांच्या लांबलचक मालिका. दुसऱ्या दंतकथा, ज्या गावात बसलेला वादक बिवा वाजवत सांगतो. याखेरीज गरम पाण्याची कुंडं, बांबू, कोल्ह्यांची बिळं, देवळं ही छोटी कामं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी दंतकथा, त्यांच्याकडे जाता जाता वाटेवरची छोटी कामं आणि साथीदारांच्या मालिका सगळ्यात शेवटी, सावकाश. कारण साधं आहे. दंतकथेच्या शेवटी हत्यार, चिलखत किंवा एखादा नवा वार हाती पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक लढाईत कामाला येतो. साथीदारांच्या कथा लेखन म्हणून सरस आहेत, मासाकोची तर फारच, पण त्यांतून मिळणारी बक्षिसं थांबू शकतात.

इझुहारात असतानाच तीन दंतकथा घ्याव्यात. तादायोरीच्या कथेत धनुर्धाऱ्याचं चिलखत मिळतं, त्याने बाण झपाट्याने लागतात. उचित्सुनेच्या शापात मोठं धनुष्य मिळतं. आणि हेवनली स्ट्राईकमध्ये तो वार, ज्याच्यासाठी मी बाकी सगळं बाजूला ठेवीन. एक रिझॉल्व्ह (लढून साठणाऱ्या जोराचा एक ठिपका) खर्च होतो, वार अडवता येत नाही आणि तो ड्यूएलमध्ये, म्हणजे एकास-एक लढतीतही चालतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण ड्यूएलमध्ये धनुष्य, कुनाई (फेकायच्या सुऱ्या), धुराचे गोळे सगळं बंद होतं. उरतात फक्त तलवार, स्टान्स (तलवार चालवायच्या पद्धती) आणि रिझॉल्व्ह.

दंतकथा शोधताना एक गोष्ट लोकांना उमजत नाही. इथे नेहमीसारखी बाणाची खूण मिळत नाही, एक चित्र आणि एक वर्णन मिळतं. तादायोरीसाठी जांभळ्या फुलांचा माग काढायचा, उचित्सुनेसाठी निळी हायड्रेंजिया ओळखायची. नकाशावर एक मोठं वर्तुळ असतं आणि त्यातल्या त्यात जमिनीकडे पाहत फिरायचं. म्हणून या मोहिमा कुरोसावा मोडमध्ये, म्हणजे कृष्णधवल चित्रात, सुरू करू नका. फुलांचा रंग दिसत नाही, पिवळा पक्षी दिसत नाही आणि मुख्य म्हणजे शत्रूच्या वाराआधी चमकणारी लाल-निळी झळाळी एकसारखी राखाडी होते. त्या मोडला दृष्ट लागावी इतकं देखणं चित्र मिळतं, पण ते सरावलेल्या हातासाठी.

ती झळाळी समजून घेतली की निम्मी लढाई जिंकली. निळी चमकली तर वार साध्या अडवण्याने अडत नाही, पण त्याचं तंत्र शिकल्यावर ऐन क्षणी एल-वन (अडवायचं बटण) दाबून परतवता येतो. लाल चमकली तर अडवायचा विचारच नको, बाजूला सरका. ड्यूएलमध्ये बहुतेक मार इथेच बसतो: लोक सवयीने लालवरही एल-वन दाबून बसतात. दुसरी सवय, प्रतिस्पर्ध्याची मालिका संपायच्या आत वार करायला जाणे. ड्यूएलमधला प्रत्येक तलवारबाज दोन-तीन ठरलेल्या मालिका वापरतो. पहिल्या खेपेला जिंकायचंच नाही असं ठरवून फक्त अडवत आणि सरकत राहा, मालिका पाठ होतात. तोयोतामातली कोजिरोची कथा ही याच गोष्टीची परीक्षा आहे: आधी गवती टोपीवाले पाच तलवारबाज नकाशाभर शोधून हरवायचे, मग खुद्द कोजिरो. बक्षीस म्हणून केन्सेई चिलखत. पाचांपैकी प्रत्येकाकडे जाण्याआधी रिझॉल्व्ह पूर्ण भरलेला असू द्या, कारण जखम भरायलाही तोच लागतो आणि वारालाही. तो कमी असेल तर वाटेतल्या एखाद्या मंगोल टोळीशी लढून भरून घ्यायचा.

स्टान्सचं गणित वेगळं. स्टोन तलवारवाल्यांसाठी, वॉटर ढालवाल्यांसाठी, विंड भालेकऱ्यांसाठी, मून धिप्पाड गड्यांसाठी. नवा स्टान्स मिळतो तो मंगोल नायक मारून किंवा त्याला पाहून, आणि लपून त्याचा सराव पाहिला तर प्रगती जास्त होते. त्यामुळे छावणीत शिरताच नायकावर झडप घालणं हा तोट्याचा धंदा आहे. आधी छप्पर गाठा, पाहणी पूर्ण करा, मग खाली उतरा.

छावण्यांच्या साईड मिशनमध्ये सगळ्यात जास्त फिस्कटतं ते ओलीस सोडवताना. तुम्ही दिसलात की पहारेकरी ओलिसाचा जीव घ्यायला धावतो. टचपॅड दाबून कान देण्याची सोय आहे, भिंतीपलीकडच्या माणसांच्या आकृती उजळतात. ओलिसापाशी उभा असलेला माणूस त्यातून हेरायचा आणि पहिला बाण त्यालाच. तो उंचावर असेल आणि धनुष्याचा कोन बसत नसेल तर वाऱ्याची घंटी फेकून त्याला तिथून हलवायचं. शेवटी समोरासमोर यायचंच असेल तर ओलीस मोकळा झाल्यावर डी-पॅडचा वरचा बाण दाबून आव्हान द्या. त्रिकोण दाबून धरायचा आणि शत्रू खरोखर झेपावला की सोडायचा. पुढे पुढे ते फसवी हालचाल करतात, म्हणून खांदे हलले की नाही ते न बघता पाय सुटले का ते बघा. सुरुवातीला एका आव्हानात एकच बळी जातो, तंत्रं घेतली की तीन, आणि साकाई चिलखत घातलं की पाचपर्यंत.

आता छोटी कामं. त्सुशिमा बेटावर गरम पाण्याची १८ कुंडं आहेत, प्रत्येकाने तब्येत वाढते. बांबू १६ ठिकाणी, त्यांनी रिझॉल्व्ह वाढतो. इनारीची, म्हणजे कोल्ह्यांची, ४९ ठिकाणं आहेत, त्यांनी चार्मच्या, म्हणजे जवळ बाळगायच्या ताईतांच्या, जागा वाढतात. शिंतो देवळं १६, ती चढाईची कोडी आहेत आणि तिथे मोठे चार्म मिळतात. सगळी करायची गरज नाही. कुंडं आणि बांबू मात्र दिसतील तेवढे घ्या, कारण त्यांचा फायदा लगेच आणि कायमचा आहे. बांबूपाशी बटणांची माळ दिसते. पहिलं बटण दाबायच्या आधी ती मनातल्या मनात म्हणून घ्या, एकदा हात चालू झाला की वेळ फार थोडा मिळतो. चुकलं तर पुन्हा करता येतं, दंड नाही.

(देवळांचा विषय निघाला म्हणून सांगतो: खऱ्या त्सुशिमा बेटावरच्या वातात्सुमी देवळाची तोरी (प्रवेशाची कमान) २०२० च्या सप्टेंबरमधल्या वादळात कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभी करायला जगभरातल्या खेळाडूंनी पैसे पाठवले. मागितलेल्या ५० लाख येनच्या जागी कितीतरी पट रक्कम जमली.)

हे सगळं शोधायचं कसं? टचपॅडवर वर बोट फिरवलं की वारा दिशा दाखवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो फक्त निवडलेल्या मिशनची दिशा दाखवतो असं समजून बरेच जण थांबतात. तंत्रांच्या यादीत वाऱ्याला कुंडं, बांबू, बिळं यांच्याकडे वळवणारी तंत्रं वेगळी आहेत, ती मी लढाईच्या तंत्रांआधी घेतो. सोबत प्रवाशाचा पोशाख अंगावर ठेवा. तो सुरुवातीलाच मिळतो, त्याने नकाशावरचं धुकं मोठ्या वर्तुळात फिटतं आणि शोधायची वस्तू जवळ आली की कंट्रोलर थरथरतो. लढाई दिसली की चिलखत बदलायचं, पोशाख बदलायला वेळ लागत नाही. पिवळा पक्षी मागे लागला तर त्याच्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं, निदान दंतकथेच्या मधोमध तरी. तो मिशनकडे नेत नाही, जवळच्या न पाहिलेल्या जागेकडे नेतो. डोळे उघडे ठेवले तर वाऱ्याचीही गरज पडत नाही: काळा धूर म्हणजे मंगोल, पांढरी वाफ म्हणजे कुंड.

कामिआगातात, म्हणजे तिसऱ्या भागात, पोचलात की बर्फ सुरू होतो आणि तिथली एक दंतकथा सोडून चालणार नाही. जोगाकू डोंगर चढून बेत्तोमारूला गाठायचं आणि तलवारीला आग लावायची विद्या घ्यायची. चढताना लढाईपेक्षा थंडी मारते. वाटेत शेकोट्या आहेत, एकीपासून दुसरीपर्यंत न थांबता जायचं, शेकोटीजवळ अंग गरम होऊ द्यायचं आणि मगच पुढे. वाटेत वस्तू वेचत बसलात की तब्येत उतरायला लागते आणि कुठून मार बसतोय तेच कळत नाही.

इकी बेट डायरेक्टर्स कटमध्ये, म्हणजे गेमच्या वाढीव आवृत्तीत, आहे आणि दुसऱ्या भागात आल्याबरोबर तिथे जाता येतं. पण मी हेवनली स्ट्राईक आणि निदान तीन स्टान्स हातात आल्याशिवाय तिकडे जायचं नाही म्हणतो. तिथले शत्रू हत्यार बदलत राहतात, म्हणजे विंडवर लढता लढता समोर तलवार येते. त्यांच्यामागे उभा राहून मंत्र म्हणणारा शामन दिसला की पहिला बाण त्याच्यावर: तो बडबडतोय तोवर बाकी सगळे चवताळलेले असतात.